आजीची आठवण नातीच्या नोकरीत शोधू नका

पत्र: माझी आई गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, गेल्या साली ती वारली. शाळा सांभाळून तिनं आम्हा भावंडांना वाढवलं. मी वीज खात्यात लागलो. मुलीला बारावी सायन्सला 78 टक्के मिळाले, तिला आर्किटेक्चरला जायचंय. पण आईची परंपरा टिकावी म्हणून तिनं डिग्री, मग बी.एड. करून आईच्याच शाळेत लागावं असं मला वाटतं. तिला कसं समजावू? – एक पालक, वाळपई

तुमचं दुःख खरं आहे. पण पत्रात आईबद्दल भरभरून आहे आणि मुलीबद्दल एक ओळ, याची मला काळजी वाटते. तुम्ही वीज खात्यात गेलात तेव्हा आईनं तुम्हाला शिक्षक होण्याचा आग्रह केल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. पोरांना आपापल्या वाटेनं जाऊ दिलं, हेही तिच्या आईपणातच आलं ना? मग परंपरेचा भार एकट्या नातीवर का? शोकात असलेल्या घरात सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला ‘आजीसाठी कर’ म्हटलं की तिला नाही म्हणताच येत नाही. मन नसताना वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंचा त्रास लहान मुलांना होतो, हे तुमच्या आईला नक्की ठाऊक असणार.

शिवाय तुम्ही आखलेला रस्ता प्राथमिक शाळेत पोचतच नाही. 11 ऑगस्ट 2023च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता नव्हे. त्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, लागतं, आपल्याकडे पर्वरीच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत). पुढं टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर: 150 गुण, खुल्या गटाला 60 टक्के हवेत. कोंकणी यायला हवी ते वेगळंच. एवढं करूनही नेमणूक शिक्षण खातं देईल तिथं. पटसंख्या घटल्यानं गावोगावच्या प्राथमिक शाळा बंद पडल्या, शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. आईची शाळा तोवर राहीलच याची हमी कोण देणार?

आर्किटेक्चरसाठी नाटा ही प्रवेश परीक्षा द्यायची, बारावीला फिजिक्स-गणित हवं, अभ्यासक्रम पाच वर्षांचा, सरकारी कॉलेज पणजीला आल्तिनोवर. जाऊ द्या तिला.

आईची आठवण जपायचं काम तुमचं आहे, आणि ते याच वर्षी सुरू करा, कारण तिचे पहिले विद्यार्थीही आता वयस्क झालेत. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून (दाखल मुलांच्या नोंदवहीवरून) त्यांची नावं मिळतील. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या. सगळ्यात वयस्कर माणसाकडे आधी जा. ‘बाई कशा होत्या?’ विचारलंत तर ‘फार प्रेमळ’ एवढंच हाती लागेल. चार इयत्ता एका खोलीत कशा बसवायच्या, पावसात ओहोळ भरला की काय करायच्या, पाढे कसे घ्यायच्या, असं विचारा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, पंखा बंद करा, नाहीतर आवाजावर घरघर येते. रेकॉर्डिंगला माणसाचं नाव, गाव, तारीख देऊन त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा.

आईच्या पाठांच्या टाचणवह्या असतील तर रद्दीत जाऊ देऊ नका. फोटो लॅमिनेट करू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर फाटतो. काचेसकटच स्कॅन करा, 600 डीपीआयवर. मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो. आपल्या पावसात बुरशी धरते, म्हणून वह्या-फोटोंचा डबा भिंतीला टेकवून ठेवू नका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा.