चोवीस हजारांतले हातात किती?

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे, उपयोजित कला शिकली आहे. गेले ११ महिने घरूनच गणवेशाच्या कारखानदारांचे कॅटलॉग आणि टॉवेलच्या पॅकिंगची डिझाइन करते. ३ लाख १० हजारांची बिलं केली, त्यातले ७५ हजार अजून यायचे आहेत. आलेल्यांपैकी १ लाख ८० हजार एकाच कारखानदाराचे. संगणकाचा हप्ता, सॉफ्टवेअर, नेट आणि नमुने यांवर महिना ४,५०० जातात. एका कॅटलॉगमध्ये नेव्ही ब्लू पँट जांभळी छापली गेली, ५०० प्रती पुन्हा छापायला १८ हजार तिच्या खिशातून गेले. आता पुण्यातला एक स्टुडिओ महिना २४ हजार देतोय. मी म्हणतो जा, ती म्हणते नको.
— एक पालक, सोलापूर

सप्रेम नमस्कार,

तुम्ही २४ हजार धरून बोलताय आणि मुलगी ३ लाख १० हजार. घरात यातला एकही आकडा येत नाही, म्हणून आधी तेवढा हिशेब उरकू.

२४ हजार हा कंपनीचा एकूण खर्च असेल आणि मूळ पगार १२ हजार असेल, तर पीएफचे तिचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, म्हणजे १,४४० दुणे २,८८० त्यातूनच जातील. महाराष्ट्रात महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. हातात साधारण २१ हजार १०० येतील. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, बस आणि महिन्याची एक सोलापूर फेरी धरून १२ हजार बाजूला ठेवा. उरले ९ हजार. पीएफ साठतोय, हे खरं.

इथे आलेले पैसे २ लाख ३५ हजार. त्यातून ११ महिन्यांचा खर्च ४९,५०० आणि पुनर्छपाईचे १८ हजार वजा केले की महिना सव्वापंधरा हजार पडतात. राहणं-जेवण घरचं. म्हणजे नुसत्या पैशांत सोलापूर पुढे आहे, आणि मुलीचं म्हणणं चुकीचं नाही.

तरी मला काळजी वाटते ती दोन गोष्टींची. एक म्हणजे पाऊण कमाई एकाच गिऱ्हाइकाकडून येते. त्या कारखानदाराने उद्या भाच्याला कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकवलं की काम थांबलं. शिवाय जूनला शाळा उघडतात, त्यामुळे गणवेशाचं काम त्याआधीच्या महिन्यांत गर्दी करतं आणि नंतर ओसरतं. ११ महिन्यांची सरासरी न काढता महिनावार वही मांडून बघा, कोरडे महिने लगेच दिसतील.

दुसरी गोष्ट ती जांभळी पँट. ही चूक हलगर्जीपणाची नाही, शिकवणारं कोणी शेजारी नसल्याची आहे. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, छपाईतला चार शायांचा. निळ्या रंगात सायन (आकाशी निळी शाई) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) यांचे टक्के जवळ आले की छापताना तो जांभळ्याकडे झुकतो. म्हणून मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी खाली ठेवतात : सायन १०० तर मॅजेंटा ७०च्या आत, आणि गडदपणा काळ्या शाईने आणायचा. मापांच्या तक्त्यातली बारीक अक्षरंही फक्त काळ्या शाईत हवीत. चारही रंगांत केली, की छपाईची प्लेट केसभर सरकली तरी कडा फुटतात. आणि कापडाचा तुकडा प्रेसवर नेऊन प्रूफशी, म्हणजे छपाईआधीच्या नमुना प्रतीशी, जुळवायचाच. चांगल्या स्टुडिओत फाइल प्रेसला जाण्याआधी हे सगळं एखादा जाणता माणूस तपासतो.

त्या माणसासाठी मी म्हणेन, दीड-दोन वर्षं पुण्याला जाऊ द्या. पण तो तिथे आहे का, हे आधी विचारा. छपाईचं काम किती असतं? फाइल कोण तपासतं? तिला प्रेसवर प्रूफ बघायला पाठवणार का? दिवसभर मोबाइलसाठीच्या शुभेच्छांच्या पोस्ट करायच्या असतील, तर ९ हजारांसाठी घर सोडू नये. बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याची अट, किती महिन्यांचा आणि बाहेरचं काम चालतं का, हे नेमणूकपत्रात वाचून घ्या. मूळ गुणपत्रिका ठेवून घेत असतील तर सरळ नाही म्हणा. नोकरीत केलेल्या कामाचे हक्क सहसा मालकाचे असतात, त्यामुळे ते स्वतःच्या नमुन्यांत दाखवता येईल का, तेही लेखी घ्या.

ती इथेच राहिली तर पहिलं काम त्या मोठ्या कारखानदाराशी बोलणं. वर्षभराची कामं मोजून महिन्याची ठरावीक रक्कम मागावी, म्हणजे पावसाळ्यातही चूल पेटती राहते. बाकीच्यांकडून ४० टक्के आगाऊ, डिझाइन पसंत पडल्यावर ३०, आणि उरलेले ३० आल्याशिवाय ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, द्यायची नाही. दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा पैसे. छापील प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घेतली की रंगाचा वाद तिच्या अंगावर येत नाही.

थकलेल्या ७५ हजारांसाठी आज तगादाच लावावा लागेल. पुढच्यासाठी मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती ऑनलाइन आणि फुकट होते, पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. नोंदणीनंतरच्या कामाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. त्याहून मोठा धाक असा, की मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कारखानदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, त्यांचा सीए स्वतःच आठवण करील.

कोणी बिलाचे पैसे देतानाच टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला असेल तर ते पैसे बुडाले असं समजू नका. आयकराच्या पोर्टलवर कापलेल्या कराची नोंद बघून विवरणपत्र भरा, एवढ्या उत्पन्नावर ते परत मिळतात.