कटला हात लावण्याआधी

अरे, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) आली की लगेच कट, म्हणजे टर्मिनलवरची रकाने कापून काढणारी कमांड, चालवू नकोस. आधी ऑक (awk) कमांडने प्रत्येक ओळीतले रकाने मोज आणि ते आकडे सॉर्ट करून, कोणता आकडा किती वेळा आलाय ते युनिक (uniq) कमांडकडून मोजून घे. हजारो ओळींत १२ रकाने आणि चारच ओळींत १३ दिसले, तर बहुतेक अवतरणचिन्हांच्या आत स्वल्पविराम दडलाय. कटला अवतरणचिन्हं कळतच नाहीत, ती बिनदिक्कत तिथेच तोडते. अशा वेळी सरळ मिलर किंवा सीएसव्हीकिट घे, या साधनांना अवतरणचिन्हं कळतात. रेग्युलर एक्स्प्रेशनची (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रांची) कसरत नको (मी केलीय, दोन दिवस गेले). शेवटचाच रकाना जुळत नसेल तर विंडोजचा कॅरेज रिटर्न (ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह) चिकटलाय का बघ, तो टीआर (tr) कमांडने उडतो. आणि आउटपुट मूळ फाइलवरच वळवू नकोस: कमांड सुरू व्हायच्या आधीच शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ती फाइल रिकामी करतं.