दाबलेल्या भावाचा भार कुणावर? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा सोयाबीन सात हजारांच्या पुढे होतं. नंतर पडलं ते पडलंच. युद्ध तर चालूच राहिलं, मग भाव सरकारने पाडला का? (शेतकरी, औसा)

अर्धं खरं आहे. घटना क्रमाने बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये, युद्धाच्या आधीच, लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि केंद्राने १२ लाख टन सोयापेंड (तेल काढल्यावर उरणारं कोंबड्यांचं खाद्य) आयात करायला परवानगी दिली, तीही नवा माल मोंढ्यात यायच्या तोंडावर. डिसेंबरमध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले. मग २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं. आपलं सूर्यफूल तेल प्रामुख्याने युक्रेनमधून यायचं, ते अडलं. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. तेलबिया तापल्या. मे महिन्यात सरकारने कच्चं सोयातेल आणि सूर्यफूल तेल दरवर्षी प्रत्येकी २० लाख टन, दोन वर्षं, करमुक्त आणायची मुभा दिली. जूननंतर जागतिक बाजारात पामतेलही कोसळलं. म्हणजे भाव जगानेही उतरवला, पण उतरणीला जोर आपल्या धोरणाने दिला. पेरणी झाली चढ्या भावाच्या भरवशावर, काढणी आली उतरत्या भावात.

मोंढ्यात कमी बोलली जाणारी एक गोष्ट सांगतो. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल साधारण १८ किलो निघतं, बाकी जवळपास सगळी पेंड. त्यामुळे तेलावरचं आयात शुल्क वाढवलं तरी सोयाबीनला आधार तोकडाच मिळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं, तरी त्या हंगामात बाजारभाव ४,८९२ च्या हमीभावाखालीच राहिला. पेंडीला उठाव नव्हता. इथेनॉलसाठी मका-तांदूळ वापरल्यावर उरणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागला होता. पुढे मे २०२५ मध्ये शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणलं. शुल्क किती असावं यावर वाद होऊ शकतो. पण ते पेरणीआधी ठरवावं आणि माल विकला जाईपर्यंत हलवू नये, यावर मी ठाम आहे. नियम हंगामाच्या मध्यात बदलला की ग्राहकाची सवलत सरकारी तिजोरीतून जात नाही, ती शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, कापली जाते.

प्रश्न : टीव्हीवर युद्धाची बातमी आली की दोन दिवसांत तेलाचा डबा महागतो. दुकानातला माल तर जुनाच असतो. ही लूट नाही का? (गृहिणी, छत्रपती संभाजीनगर)

दुकानदाराला हा डबा विकून पुढचा भरायचा असतो, आणि पुढच्याचा भाव त्याला आज सांगितला जातो. म्हणून जुन्या मालाचाही भाव चढतो. इथवर मी त्याला दोष देणार नाही. मात्र छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला तर तो गुन्हा आहे. पक्की पावती घ्या आणि वैधमापन विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा. उतरताना भाव रेंगाळतात ही तुमची खंत खरी आहे, आणि सरकारचं लक्ष तिथे जास्त हवं.

प्रश्न : डीएपी खताची बॅग १,३५० रुपयांना, असं सरकार सांगतं. आमच्याकडे पेरणीच्या वेळी ती मिळतच नाही, आणि मिळाली तर सोबत नको असलेलं औषध गळ्यात मारतात. (शेतकरी, परभणी जिल्हा)

डीएपी आणि त्याचा कच्चा माल आपण मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. युद्धाने जागतिक भाव चढला, तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, भाडं वाढलं. सरकारने तुमची किंमत बांधून ठेवली आणि फरक अनुदानातून भरला. २०२२ च्या खरिपात एका बॅगेमागे अनुदान २,५०१ रुपये होतं, बॅगेच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. हे मी योग्यच मानतो. पण अनुदान जागतिक भावाच्या मागे पडलं की कंपन्या माल आणायला हात आखडता घेतात, आणि बांधलेला दर कागदावर उरतो. टंचाईत विक्रेता राजा होतो. तुम्ही म्हणता त्या प्रकाराला सगळे 'लिंकिंग' म्हणतात. ते बेकायदा आहे. ई-पॉसची (दुकानातल्या विक्रीयंत्राची) पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या.

तोवर पेरणी थांबवू नका. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगांतून २४ किलो स्फुरद मिळतं, आणि २० किलो युरियातून ९ किलो नत्र. वर सुपर फॉस्फेटमधलं गंधक सोयाबीनला मानवतं. वाहतूक आणि मजुरी थोडी वाढेल, तेवढा हिशेब धरा.

प्रश्न : रिझर्व्ह बँकेने व्याज वाढवून तेलाची विहीर खणली जात नाही. मग युद्धाच्या महागाईत रेपो दर का वाढवतात? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नांदेड)

बरोबर, व्याजदराने तेल येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्के झाली, आणि मेपासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. डिझेलची महागाई भाड्यात, भाड्याची मजुरीत, मजुरीची पुन्हा मालाच्या भावात शिरते. ती साखळी तोडणं हा उद्देश असतो. त्याची किंमत ट्रॅक्टरचे आणि घराचे हप्ते भरणाऱ्यांनी मोजली, हेही उत्तरात लिहा.

प्रश्न : बहात्तरच्या दुष्काळात मी सरकारने वाटलेली सुकडी खाल्ली आहे. तेव्हासारखा सरकारने धान्याचा व्यापारच हातात का घेऊ नये? (निवृत्त शिक्षक, बीड)

गुरुजी, तो काळ तुम्ही भोगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. १९७१ चं युद्ध आणि निर्वासितांचा भार, त्यावर आपल्याकडचा दुष्काळ, आणि १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेल जवळजवळ चौपट. सगळं एकाच वेळी कोसळलं. एप्रिल १९७३ मध्ये केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार खरंच ताब्यात घेतला होता. खरेदीचा दर कमी वाटला, शेतकऱ्यांनी गहू घरातच ठेवला, चोरटा बाजार तेजीत आला, आणि वर्षभरात निर्णय मागे घ्यावा लागला.

आपल्या मराठवाड्याला तगवलं ते सरकारी दुष्काळी कामांनी आणि रेशनच्या धान्याने. फरक इथेच आहे. व्यापाऱ्याला हटवणं वेगळं, आणि पडत्या भावात सरकारने स्वतः धान्य विकत घेऊन टंचाईत बाजारात आणणं वेगळं. या दुसऱ्या मार्गाच्या बाजूने मी आहे.

व्यापाऱ्याने किती माल साठवावा याच्या मर्यादेचं, म्हणजे साठामर्यादेचं, हत्यारही युद्धातूनच आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या भारत संरक्षण नियमांची अन्ननियंत्रणं १९४६ च्या तात्पुरत्या कायद्यात आली आणि तिथून १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात. जून २०२३ मध्ये त्याच कायद्याखाली तुरीवर घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन अशी मर्यादा आली. साठेबाजाला चाप बसतो, हे मान्य. पण मर्यादा आली की लातूरचा दालमिलवालाही खरेदी आवरती घेतो आणि मोंढ्यातली बोली खाली येते. म्हणून माझी मागणी एवढीच : जेवढे दिवस मर्यादा, तेवढे दिवस नाफेडचे (हमीभावाने खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थेचे) काटे तालुक्याच्या गावी उघडे आणि पैसे आठवड्याच्या आत खात्यात.