येळवस की वेळा अमावस्या?

औसा तालुक्यातल्या एका वाचकानं विचारलंय: गावातली पोरं भिंतीवर लावायची सचित्र दिनदर्शिका काढतायत, दर महिन्याला आपल्या शिवारातलं एक चित्र. मार्गशीर्षातल्या अमावस्येला रानात जाऊन करायच्या सणाला बाजारच्या कॅलेंडरात 'दर्श वेळा अमावस्या' असतं, घरात मात्र सगळे 'येळवस' म्हणतात. मग येळवस हा अपभ्रंश आहे का? चित्राखाली काय छापावं?

बिनधास्त 'येळवस' छापा. बिघडलेलं रूप असेल तर ते 'वेळा' आहे.

शब्द मुळात कानडी. सीमेपलीकडं बीदर-कलबुर्गीत हाच सण 'एळ्ळ अमावास्ये' म्हणून होतो. एळ्ळु म्हणजे तीळ. आपला तिळगूळ तो त्यांचा एळ्ळु-बेल्ल. कानडीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ए' बोलताना 'ये' होतो. त्या 'येळ्ळ'ला आपली अवस-पुनवेतली 'अवस' जोडली की झाली येळवस. आता 'वेळा'तला 'व' कुठून आला? आपल्याकडं बोलताना वेळेची येळ होते, वेशीची येस, वेड्याचा येडा. 'येळ' कानावर पडल्यावर कुणा शिकलेल्यानं ते गावंढळ समजून 'वेळ' असं शुद्ध करून टाकलं असावं, असं मला वाटतं. त्यात 'दर्श' म्हणजेही अमावस्याच, म्हणजे छापील नावात ती दोनदा आली.

काही जण 'येळ' म्हणजे सात असं सांगतात. ज्येष्ठापासून मोजलं तर मार्गशीर्षाची अमावस्या सातवी, हिशेब बरोबर. पण कानडीत सात म्हणजे 'एळु', ए दीर्घ आणि ळ एकेरी. सणाच्या नावात ते लोक तिळाचा जोड ळ लिहितात. म्हणून मी तिळाच्या बाजूनं.

लातूर-धाराशिवच्या सणाला कानडी नाव कसं, याचं नवल नको. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. राज्यांची रेघ नंतर पडली. सोयरीक, बाजार आणि सणवार आधीपासूनचे.

चित्राबद्दलही सांगतो. हरभरा-ज्वारीच्या हिरव्या रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले, चुन्यानं रंगवलेले दगड, पुढं आंबिलीचं मडकं. चित्राखालच्या ओळीत 'कोप' हाच शब्द ठेवा, 'झोपडी' नको. झोपडीत माणूस राहतो, कोप त्या दिवसापुरती देवाची. आणि 'भज्जी'तला जोड ज जपा. मुद्रितं तपासणारा त्याची 'भजी' करणार, हे नक्की. भजी तेलात तळतात. भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या ताक-बेसनात घोटून शिजवलेली, बाजरीच्या उंड्यासोबत, म्हणजे पिठाच्या उकडलेल्या गोळ्यासोबत खायची.

एक काळजी घ्या. येळवस डिसेंबरचीच असं धरून चित्र कायमचं त्या पानावर टाकू नका. २०२३ साली ती आलीच नाही, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२४मध्ये मात्र दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. दर वर्षी आधी तिथी पाहा, मग पान ठरवा.