कमी धक्क्याची रायफल आणि हरणाची शिकार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढील उत्तरे अमेरिकेत रीतसर परवाना काढून शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठीच आहेत, हे आधी स्पष्ट करतो.

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये राहतो. यजमानांच्या ३०-०६ रायफलने नेमबाजी केली की माझा खांदा दोन दिवस ठणकतो. २४३ विंचेस्टर (त्या नावाच्या काडतुसाची, कमी धक्क्याची रायफल) घेतली, तर चितळासाठी ती पुरेल का? दुकानदार 'बायकांची बंदूक' म्हणून हसला.

उत्तर : पुरेल, आणि दुकानदाराचे बोलणे मनावर घेऊ नका. १९५५ साली बाजारात आलेले हे काडतूस ३०८ विंचेस्टरचेच तोंड अरुंद करून बनवलेले आहे. त्यातली १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅम वजनाची) गोळी सेकंदाला सुमारे २,९५० फूट वेगाने सुटते, आणि तरीही सारख्याच वजनाच्या रायफलमध्ये खांद्याला बसणारा धक्का १८० ग्रेनच्या ३०-०६ च्या निम्म्याहून कमी असतो. १९३२ साली टेक्ससमध्ये आणलेले चितळ आता तिथल्या डोंगराळ भागात मोकळे फिरतात. मोठा नर तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणापेक्षा बराच भारी भरतो. म्हणून हलकी, चटकन फुटणारी गोळी न घेता ९० ते १०० ग्रेनची, आत शिरून टिकणारी गोळी घ्यावी आणि २०० यार्डांपलीकडे चाप ओढू नये, असे माझे मत आहे.

धक्क्याची खरी हानी खांद्याच्या काळ्यानिळ्या डागात नसते, ती चाप ओढण्यापूर्वीच्या क्षणात असते. शरीर मार अपेक्षून आकसते, डोळे मिटतात आणि नळी खाली झुकते. सरावात जोडीदाराला तुमच्या नकळत मध्येच एखादे नकली काडतूस भरायला सांगा. ते आले की गोळी सुटत नाही, पण नळीचे टोक खाली जाताना स्पष्ट दिसते. मी स्वतः अनेक वर्षे जास्त धक्क्याची रायफल वापरल्यावर ही चाचणी केली, तेव्हा नळी बोटभर खाली गेलेली पाहून मला धक्काच बसला होता. आणखी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, लांबी. पुरुषाच्या मापाचा लांब दस्ता खांद्यात नीट बसत नाही, मान पुढे ताणावी लागते आणि दुर्बिणीची कडा भुवईवर आपटते. पुष्कळदा आपण ज्याला काडतुसाचा दोष समजतो, तो दस्त्याचा असतो.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला २२३ रेमिंग्टन (आणखी छोट्या गोळीची रायफल) आणखी सोपी जाईल. ती चालेल का?

उत्तर : हे राज्यावर अवलंबून आहे. कोलोरॅडोत हरणासाठी किमान २४ कॅलिबर (म्हणजे ०.२४ इंच व्यास) आणि ७० ग्रेनची गोळी लागते, व्हर्जिनियात किमान २३ कॅलिबर. २२३ ची गोळी सुमारे ०.२२ इंचाची, म्हणून दोन्हीकडे ती बाद होते. टेक्ससमध्ये ती चालते. परंतु कायद्याने चालणे आणि नवशिक्याच्या हाती देणे यांत फरक आहे. छोट्या गोळीला चुकीची सवलत फार थोडी असते, आणि पहिल्या शिकारीत मुलाचा हात थरथरणारच. मी त्याला २४३ च देईन, किंवा थोडा अधिक धक्का सोसत असेल तर ६.५ क्रीडमूर.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. मित्राची रायफल हाताळली तर चालेल का?

उत्तर : चालेलच असे गृहीत धरू नका. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई आहे. त्याला असलेल्या अपवादांपैकी एक म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. आधी परवाना काढा, त्याची मुदत पाहा, आणि शंका असल्यास वकिलाला विचारा. सबब सांगून सुटण्यासारखे हे प्रकरण नाही.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात २४३ ने मारलेला चितळ पळाला, थेंबभर रक्त पडले आणि शेवटी तो सापडलाच नाही. दोष काडतुसाचा का?

उत्तर : हे वाचून वाईट वाटले, कारण जखमी जनावर हरवण्यासारखे दुःख या छंदात दुसरे नाही. नेम कुठे लागला, ते पाहिल्याशिवाय काडतुसाला दोष देता येत नाही. बाजूने उभ्या हरणाच्या पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जा आणि छातीच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर थांबा; तिथे फुप्फुसे आणि हृदय असते. हरीण तुमच्याकडे पाठ करून तिरके उभे असेल, तर गोळी पलीकडच्या पुढच्या पायापाशी बाहेर पडेल असा नेम धरा. छोट्या कॅलिबरची गोळी आरपार गेली नाही तर रक्त कमी सांडते, म्हणून माग काढायला धीर लागतो. फिकट, फेसाळ रक्त फुप्फुसाचे. काळसर रक्त बहुधा यकृताचे. हिरवट, दुर्गंधीयुक्त ओल असेल तर गोळी पोटात गेली. पहिल्या बाबतीत अर्धा तास थांबणे पुरेसे असते, पण पोटाच्या जखमेला एरवी कित्येक तास थांबावे लागते. टेक्ससच्या उन्हाळ्यात तेवढ्यात मांस नासते, तेव्हा मागावर कुत्रा घेऊन जाणाऱ्या स्थानिक माणसाचा क्रमांक शिकारीला निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा, आणि गोळी झाडली त्या जागी तसेच हरीण शेवटचे दिसले त्या झुडपावर रंगीत फीत बांधल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका.