पॉइंट कर्व्हवर नाही, मग टॅन्जंट काढायचा कसा?

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे. य = क्ष² ह्या कर्व्हचे (३, ५) मधून जाणारे टॅन्जंट (कर्व्हला एका पॉइंटला टेकून तिथल्याच दिशेने जाणाऱ्या सरळ लाईनी) काढा असं गणित होतं. मी डेरिव्हेटिव्ह (कर्व्हचा स्लोप, म्हणजे चढ, सांगणारं सूत्र) काढला २क्ष, त्यात ३ घातले, स्लोप आला ६ आणि य = ६क्ष − १३ लिहून मोकळा झालो. मागे उत्तरं दोन दिलीयत आणि त्यात माझं नाहीच. पुस्तक चुकलंय का? (विद्यार्थी, वाळपई)

उत्तर : पुस्तक बरोबर आहे रे बाबा. (३, ५) कर्व्हवर आहे का, एवढं आधी बघायचं ना! ३ चा वर्ग ९, म्हणजे तुझा पॉइंट कर्व्हच्या खाली राहिला. तो ६ म्हणजे (३, ९) इथला स्लोप, तो उचलून तू (३, ५) ला चिकटवलास. ती लाईन कर्व्हला टेकतसुद्धा नाही, क्ष² = ६क्ष − १३ सोडवायला घे, वर्गमुळाखाली ३६ − ५२ म्हणजे −१६ येतात, ऋण आकड्याचं वर्गमूळ निघत नाही, विषय संपला.

तू वाळपईचा, चोर्ला घाट पाहिलेला असणारच. रात्री वळणावर हेडलाईटचा झोत काही रस्त्याबरोबर वळत नाही, गाडीचं तोंड त्या क्षणाला जिकडे असेल तिकडे सरळ जातो. रस्ता म्हणजे कर्व्ह, झोत म्हणजे टॅन्जंट. आता रस्त्यापासून आत एक घर आहे, म्हणजे तुझा (३, ५), त्याच्या दारावर उजेड पडायला गाडी वळणावर नेमकी कुठे हवी, हे शोधायचंय. घराजवळचा स्लोप काढून काय करणार, तिथे रस्ताच नाही!

गाडीची जागा माहीत नाही, म्हणून क्ष = अ धर. पॉइंट (अ, अ²), स्लोप २अ, लाईन य − अ² = २अ(क्ष − अ), आवरलं की य = २अक्ष − अ². ही (३, ५) मधून जायला हवी, म्हणजे ५ = ६अ − अ², अ² − ६अ + ५ = ०, अ आला १ किंवा ५. लाईनी झाल्या य = २क्ष − १ आणि य = १०क्ष − २५. दोन्हीत क्ष = ३ घालून बघ, ५ च येतात. आणि पॉइंट (३, १०) असता, म्हणजे वाटीच्या आत, तर एकही टॅन्जंट मिळाला नसता, करून बघ.

प्रश्न : टॅन्जंट कर्व्हला एकाच ठिकाणी भेटतो ना? (वाचक, म्हापसा)

उत्तर : वर्तुळापुरतं ठीक आहे, सगळीकडे नाही. य = क्ष³ चा (१, १) वरचा टॅन्जंट काढा, स्लोप ३, लाईन य = ३क्ष − २. हीच लाईन पुढे (−२, −८) ला त्याच कर्व्हला आरपार कापते, तरी (१, १) ला ती टॅन्जंटच.