लोक काय शोधतात त्याच्या गूगलच्या वार्षिक यादीत क्रिकेटच वर असतं. आपल्या लोकांना दुसऱ्या कशात रसच नाही का?

हाच प्रश्न डिसेंबर 2021 मध्ये आमच्या दाजींनी शेतात हुरडा खाताना विचारला होता. विचारला कसला, निकालच दिला. बहिणीचा नवरा, त्यात पाहुणा म्हणून आलेला. त्यांच्यापुढे तोंड उघडायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आज तुमचा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

आगटीभोवती आम्ही सात-आठ जण होतो. भाऊ गरम कणसं हातावर चोळून दाणे पुढे सरकवत होता. दाजी मोबाईलवर बातमी वाचत म्हणाले, "बघा, वर्षभर माणसं मेली आणि देशानं शोधलं काय, तर आयपीएल. ह्या लोकांचं काही खरं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मुठीतला हुरडा मुठीतच गार झाला.

तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लोक काय शोधतात ते मला यादीत वाचावं लागत नाही, त्यातलं बरंचसं मीच टाइप करतो. त्या एप्रिलच्या शेवटी लॉकडाऊनमुळे शटर अर्धं खाली होतं. रात्री साडेनऊला आमच्याच गल्लीतला एक पोरगा वाकून आत आला. त्याच्या वडिलांचा ऑक्सिजन 84 वर आला होता. फोनमधलं नेट संपलेलं, म्हणून माझं वायफाय मागायला आला होता. बोटं इतकी थरथरत होती की अक्षरं उमटेनात. मग त्यानं माइकचं बटण दाबलं, पण तोंडावर मास्क, फोनला बोलणं कळेना. शेवटी मास्क हनुवटीखाली ओढून तो ओरडला, "ऑक्सिजन लेव्हल कशी वाढवायची!"

छातीखाली उशी घेऊन पालथं झोपवा, असं वाचल्यावर तो तसाच घरी पळाला. मी पहाटेपर्यंत सिलेंडर आणि बेड शोधत बसलो. यादीतले निम्मे नंबर बंद. सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी बेड मिळाला, पण चौथ्या दिवशी त्याचे वडील गेले. दिवाळीनंतर तोच पोरगा पुन्हा दुकानात आला, 'सातबाऱ्यावर वारस नोंद कशी करायची' हे बघायला. मृत्यूचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणला होता. त्याच आठवड्यात दाजींनी तो निकाल दिला.

आता दाजींनी जी यादी अर्धीच वाचली तिच्याबद्दल. 2021 मध्ये भारताच्या एकूण यादीत आयपीएल पहिलं होतं हे खरं. दुसरं होतं कोविन, म्हणजे लशीच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट. लस 18 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी खुली झाल्यावर माझ्या दुकानात रोज तेच चालायचं. पिनकोड टाकला की स्लॉट दिसायचा आणि ओटीपी येईपर्यंत भरलेला असायचा. त्याच यादीत 'कसं करायचं' असा वेगळा रकाना आहे. त्यात पहिल्या क्रमांकावर लशीची नोंदणी, दुसऱ्यावर लशीचं प्रमाणपत्र आणि तिसऱ्यावर ऑक्सिजन लेव्हल कशी वाढवायची. 2020 मध्येही एकूण यादीत आयपीएलच पहिलं होतं, पण 'माझ्या जवळ' या रकान्यात पहिलं होतं 'फूड शेल्टर', म्हणजे गरजूंना जेवण मिळण्याची जागा. लोक पायी गावाकडं निघाले होते ते हेच वर्ष. हे ज्याला दिसत नाही त्यानं 'ह्या लोकांबद्दल' बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यादी कशी बनते तेही बघा. आदल्या वर्षाच्या मानानं ज्या शब्दांनी मोठी उसळी घेतली ते वर येतात. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला यांची गर्दी दरवर्षीची, त्यामुळे ते त्या यादीत येतच नाहीत. शिवाय आयपीएल सगळे एकाच शब्दानं शोधतात. दुखणं प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत टाइप करतो, त्यामुळे ते हजार तुकड्यांत विखुरतं. कुठला शब्द कधी किती शोधला गेला ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर दिसणारा 100 हा आकडा म्हणजे माणसांची मोजणी नव्हे, निवडलेल्या काळातलं ते सर्वांत उंच टोक आहे.

शोधावरून अंदाज बांधताना खुद्द गूगलही फसलं आहे. शोधांवरून फ्लूची साथ ओळखायची योजना त्यांनी 2008 मध्ये काढली. 2012-13 च्या हिवाळ्यात अमेरिकेत तिचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला आणि 2015 मध्ये ती बंद झाली. आजारी माणूस जे टाइप करतो, तेच बातमी ऐकून घाबरलेला माणूसही टाइप करतो.

एक कबूल करतो. माझं दुकान म्हणजे अख्खा महाराष्ट्र नव्हे आणि लोक शोधतात ते सगळं चांगलंच असतं असंही नाही. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला बॅडमिंटनपटू पी. व्ही. सिंधूनं रौप्य पदक जिंकलं, तेव्हा तिची जात शोधणारे एकदम वाढले होते. ते वाचून मला लाज वाटली होती. आणि क्रिकेट मीही बघतो. 2021 च्या मे महिन्यात मध्येच थांबलेली आयपीएल सप्टेंबरमध्ये दुबईत पुन्हा सुरू झाली, तेव्हा तो पोरगाही माझ्या दुकानात उभ्या उभ्या स्कोअर बघायचा. वडील गेलेल्या पोरानं स्कोअर बघू नये का?

दाजी, तुम्ही इथं वाचता हे ताईनं मला सांगितलंय. त्या दिवशीची बातमी अजून निघेल. 'कसं करायचं'चा रकाना काढा आणि तिसरी ओळ वाचा. यंदा हुरड्याला आलात की मग बोलू.